लुगड्याचं पलीकडचं टोक

अण्णा, तो फोटो लावायचा की नाही, हे शेवटी मला एकटीलाच ठरवावं लागलं. भांडण अर्ध्यावर टाकून उठायची तुझी खोड जुनीच. लहानपणी पत्त्यांत हरायला लागलास की तुला गोठ्यात काहीतरी काम आठवायचं. या वेळी जरा लांब गेलास, एवढंच.

तुझ्यामागं लोक भेटायला आले, तेव्हा जो तो सांगत होता की अण्णा देवमाणूस होता. मी मान हलवत होते. देवमाणूस वगैरे तू नव्हतास. ओला टॉवेल पलंगावर टाकणारा, चहा पिऊन कप खिडकीत विसरणारा, आणि बहिणीचे दोन्ही हात कामात गुंतलेले असताना नेमका समोर कॅमेरा घेऊन उभा राहणारा भाऊ होतास. लोकांशी तुझ्याबद्दल बोलायला लागले की त्या बोलण्यात तू मला ओळखूच येत नाहीस. म्हणून हे तुझ्याशीच बोलते.

आईला लकव्याचा झटका आला, तेव्हा मी गुंजीच्या शाळेत शिकवत होते. सकाळी बेळगावातून रेल्वेनं जायचं, संध्याकाळी परत. वहिनी शहरात कॉलेजच्या ऑफिसात, तिच्या कमरेला पट्टा. तिनं वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. तू उद्यमबागेत फाउंड्रीत, पहिल्या पाळीला. घरात कोण थांबणार हे कुणी कुणाला विचारलं नाही. माझं लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं होतं. मी शाळेत राजीनामा देऊन आले आणि आईच्या पलंगाशेजारी स्टूल ओढून बसले.

तुझं कॅमेऱ्याचं वेड त्याआधीचं. फाउंड्रीतल्या तुम्हा चार-पाच जणांची टोळी रविवारी मोटारसायकली काढायची. बाकीचे खानापूरच्या रानात धनेश पक्ष्याच्या मागं. तूही जायचास. मग एका रविवारी गेला नाहीस. मी आईची नखं काढत होते आणि मला खटक असा आवाज आला.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"काय न्हाय गं सुनी, तू तुझं काम कर."

"माझं काम चालूच हाय. तुझं काय चाललंय ते सांग."

तू कॅमेरा डोळ्याला लावलास. परत खटक केलंस.

त्यानंतर धनेश सुटले आणि आम्ही अडकलो. आईच्या टाचेखाली ठेवलेली घडी, फणीत अडकलेले पांढरे केस, पाठीला पावडर लावताना खिडकीच्या उजेडात उडालेला धुरळा, दोरीवर वाळणारा तिचा गाऊन. त्या गाऊनचा आईला मनस्वी राग. जन्मभर नऊवारी नेसलेली बाई ती. तू कॅमेरा वर केलास की तिचा डावा हात खांद्याशी पदर शोधायला लागायचा. पदर नसायचा. मग तू कॅमेरा खाली ठेवून तिच्या खांद्यावर टॉवेल टाकायचास, नीट दोन्ही बाजूंनी, आणि तिचा हात थांबला की फोटो काढायचास. हे मला आवडायचं. तुला कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू आणखी शेफारला असतास.

आता तो फोटो. मी आईला पेज भरवते आहे. डाव्या हातात वाटी, उजव्या हातात चमचा, तो आईच्या तोंडापासून वीतभर अलीकडं थांबलेला. आईचं तोंड उघडं. आणि मी भलतीकडंच बघते आहे, खिडकीच्या बाहेर. माझ्या तोंडावर काही म्हणजे काही नाही. ना माया, ना राग, ना दुःख. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचं असतं, तसं तोंड.

तू तो मला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवलास आणि म्हणालास, "ह्यो सगळ्यात भारी."

"पूस तो," मी म्हणाले.

तू पुसला नाहीस. पुढं तुमच्या टोळीनं ठरवलं की शहरात वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये सगळ्यांचे फोटो लावायचे. इतरांचे पक्षी, राजहंसगड, धबधबे. तुझी एक अख्खी भिंत आईची. आणि त्या भिंतीच्या मधोमध हा. मग आपलं जे सुरू झालं ते तू जाईपर्यंत मिटलं नाही. जेवताना, आईचे कपडे बदलताना, तू पायात बूट घालताना. वहिनी तर वैतागून टीव्हीचा आवाज मोठा करायची.

"सगळी सेवा सेवा म्हणत्यात," तू म्हणायचास. "सेवेत कंटाळाबी असतोय की. त्यो कोण दाखवणार?"

"मग तुझा दाखव."

"माझा कोण काढणार? मी कॅमेऱ्याच्या मागं."

"तेच म्हणते मी. तू कायम मागं. मी कायम पुढं."

मग तू दुसरीकडून यायचास. "तोंड वाईट न्हाय गं तुझं. खरं हाय."

"खरं असलं म्हणून भिंतीवर टांगतात काय?"

तुला हे सोपं वाटायचं, कारण तू पुरुष. आपल्या येळ्ळूरची निम्मी माणसं रोज शहरात जातात. पहिल्याच दिवशी कुणीतरी मोबाइलवर तो फोटो टिपून गावाच्या ग्रुपवर टाकणार. मग बायका म्हणणार, बघा, आईला भरवताना तोंड कसं केलंय हिनं. घरी बसलेल्या, बिनलग्नाच्या बाईकडं गावाला बघायचं असतं ते एवढंच, की आईला नीट बघते का नाही. तेवढी एक गोष्ट माझ्या नावावर जमा होती, आणि तू तीच चौकटीत घालून लोकांपुढं ठेवायला निघाला होतास.

तुझी एक युक्ती होती, आठवते? गुंजी स्टेशनवर तू माझा फार पूर्वी काढलेला फोटो. साडीवर खडूची भुकटी, केस विस्कटलेले, मी कशालातरी खदखदून हसते आहे आणि मागं गाडी सुटते आहे. तो तू शोधून काढलास आणि म्हणालास, दोन्ही शेजारी शेजारी लावू.

"आधी आणि नंतर?" मी म्हणाले. "केसाच्या तेलाची जाहिरात करालास काय?"

तू हसला नाहीस. मला वाटलं, आपण जिंकलो. आता वाटतं की त्या दोन फोटोंतून तुला मलाच काहीतरी सांगायचं होतं. माझं काय गेलं हे तुला दिसत होतं. ते तोंडानं बोलायला तुला जमलं नसतं, आपल्या घरात कुणालाच जमत नाही. म्हणून भिंतीवर खिळा मारून सांगणार होतास. मी तेलाच्या जाहिरातीवर नेलं आणि ते तिथंच राहिलं.

फोटोंखाली काही लिहायचं नाही, हेही तूच ठरवलं होतंस. मराठीत लिहिलं तर एक भांडण, कानडीत लिहिलं तर दुसरं. "फोटोला भाषा नसती," असं तू तुमच्या टोळीतल्या बसवराजला ऐटीत सांगितलंस. येळ्ळूरमध्ये जन्मून असलं बोलणारा तू पहिलाच असशील. बसवराज मला हळूच म्हणाला होता, "आक्का, अण्णा लई मोठं बोलतो री. खरं म्हणजे अक्षर लिहायला कंटाळा हाय त्याला."

त्या काळात आपण एका गोष्टीवर मात्र कधी भांडलो नाही. आईला वर सरकवण्यावर.

हवेची गादी गुळगुळीत. दिवसभरात आई पायथ्याकडं घसरत जाते. मान उशीवरून खाली येते, श्वास घोगरा होतो. तिला काखेत धरून ओढता येत नाही, कातडं फाटतं. म्हणून तिच्याच एका जुन्या लुगड्याची चौपदरी घडी तिच्या अंगाखाली कायमची घातलेली. एका बाजूला मी, एका बाजूला तू. टोकं मनगटाला पीळ देऊन धरायची आणि एकदम उचलून वर घ्यायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा तू आधी ओढलंस, मी नंतर. आई तिरकी झाली, तिचा पाय पलंगाच्या कडेला आला, आणि तू माझ्यावर ओरडलास, मी तुझ्यावर. तेवढ्यात आईच्या वाकड्या झालेल्या तोंडातून आवाज आला.

"हं... घे!"

महिनाभर जिच्या तोंडून धड शब्द फुटला नव्हता, ती आई. आपण दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. हाक ओळखीची होती. सुगीत खळ्यावर भाताचं पोतं उचलायला दोन माणसं त्याचे कान धरून उभी राहायची, आणि आई बाजूला उभी राहून द्यायची ती हाक. हं म्हटलं की पकड घट्ट करायची, घे म्हटलं की उचलायचं. तिच्या हाकेवर उचललेलं पोतं कधी कुणाच्या हातून सुटलं नाही. आता पोतं तीच होती आणि हाकही तिचीच. तू हसायला लागलास, मग मीही, आणि आईचंही डावं गालफड हललं. मग आपण लुगडं धरलं, तिनं हाक दिली, आणि ती अलगद उशीवर गेली.

त्या दिवसापासून मुकादम तीच. सकाळी तू कामावर जायच्या आधी एकदा, आल्यावर एकदा. उगाच घाई केलीस तर ती घे म्हणायचीच नाही. तुला बूट घालून ताटकळत उभं ठेवायची.

तू गेलास त्या दुपारी मी तिची नखं काढत होते. उजव्या हाताची झाली होती. दारात बसवराज आला, तुझी मोटारसायकल घेऊन, आणि तुझ्या गाडीवर तो का, एवढंच मला कळेना. फाउंड्रीत, चहा पिता पिता खुर्चीतच, असं तो सांगत होता. छातीत कळ. पुढचं सगळं ज्यानं त्यानं केलं. डाव्या हाताची नखं तशीच राहिली. बऱ्याच दिवसांनी ती आईनं चादरीवर घासायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आईला मी सांगितलं. तिला सांगू नका म्हणणारे पुष्कळ होते. पण अंगणात एवढी माणसं, वहिनीचा आवाज. तिला काय कळत नव्हतं? मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "आई, अण्णा गेला." तिनं भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी तिला वर घ्यायला शेजारचा परशराम आला. त्यानं तुझ्या बाजूचं टोक धरलं. आई म्हणाली, "हं." मग मान वळवून पलीकडं बघितलं. परशरामच्या हातांकडं, मग तोंडाकडं. आणि पुढं काही बोललीच नाही. आम्ही वाट बघितली. शेवटी परशरामनंच ओढलं आणि ती वाकडीतिकडी वर गेली.

तुझं दिवसकार्य झालं आणि त्यानंतरच्या रविवारी बसवराज आला. चपला काढून दाराशीच उभा.

"आक्का, हॉल मिळालाय री. अण्णानं सगळं निवडून ठेवलतं. बाकीचे तयार हाईत. त्या एकाचं तेवढं तुमी सांगा. तुमी न्हाय म्हटलं तर न्हाय. अण्णा वरनं शिव्या घातला तर मी खातो."

मी पुढच्या रविवारी सांगते म्हटलं. आणि तो आठवडाभर, आई झोपली की दुपारी तुझा कॉम्प्युटर लावून बसले. सगळे फोटो बघितले. तुला शोधत होते, खोटं कशाला बोलू. तू कुठंच नव्हतास. एका फोटोत पलंगाच्या कडेला तुझ्या पायाचा अंगठा आहे. स्टीलच्या तांब्यात एक वाकडी सावली आहे, ती तुझी असावी. बस्स.

मग मी दुसरंच शोधायला लागले. पुसणं आहे, पालटणं आहे, भरवणं, विंचरणं, डायपर, औषध, उशीचे अभ्रे, माझी पाठ, माझी मान, माझे भिजलेले हात, सगळं आहे. आईला वर सरकवण्याचा एकही फोटो नाही. दिवसातून दोनदा होणारं काम, या घरातलं सगळ्यांत जड काम, आणि त्याचा एकही नाही. मी पहिल्यापासून परत बघितले. नाहीच. असणार कसा? तेव्हा तुझे दोन्ही हात लुगड्यात होते.

तू कायम मागं, मी कायम पुढं, असं मी म्हणत आले. फोटोंची साक्ष काढली तर मीच खरी ठरते, आणि आजही ते शब्द मी मागं घेणार नाही. पण त्या नसलेल्या फोटोनं मला रडवलं. इतके दिवस आलं नव्हतं ते रडू दुपारी, कॉम्प्युटरसमोर, अगदी नाक गळेपर्यंत आलं. तू गेल्याचं मला त्या वेळी कळलं म्हण.

तरी फोटोचा निर्णय होईना. रडू आलं म्हणून तुझं म्हणणं बरोबर होत नाही. रविवार उजाडला, बसवराज आला, वहिनीनं चहा ठेवला. मी अजून हो-नाहीमध्येच होते. आणि मग मला एकदम वाटलं, आपण दोघं इतके दिवस भांडलो, फोटोत तर तीन माणसं आहेत ना? मी, कॅमेऱ्यामागचा तू, आणि आई. तिसऱ्या माणसाला आपण कधी विचारलंच नव्हतं.

मी कॅमेरा घेतला, तो फोटो पडद्यावर आणला आणि आईच्या डोळ्यांसमोर धरला. आधी तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला, तुझ्या पद्धतीनं. बसवराज आणि वहिनी मागं येऊन उभे राहिले. आईनं बघितलं. बराच वेळ बघितलं. माझ्या त्या तोंडाबद्दल ती काय म्हणेल याची मला भीती वाटत होती, गावाची वाटली नव्हती तेवढी. तिचे ओठ हलायला लागले. शब्द जुळवायला तिला वेळ लागतो.

"पेज," ती म्हणाली. मग थोडी थांबून, "निवली."

वहिनी फस्सकन हसली. बसवराजला काही कळलं नाही, त्याला समजावून सांगावं लागलं. "पेज थंड झाली म्हणते." आई पडद्याकडं बोट करून परत तेच म्हणाली, जरा रागानं.

अण्णा, आपण माझ्या तोंडावरून एवढं रण माजवलं आणि तिला दिसली पेज. मी बाहेर बघत होते, तू माझ्याकडं बघत होतास, आणि तोंड उघडून बसलेल्या त्या बाईच्या पेजेकडं दोघांचंही लक्ष नव्हतं. माझं ते तोंड तिच्यापुढं रोजच असतं. तिला त्यात बघण्यासारखं काही वाटलं नाही. ज्या बाईची गोष्ट, तिलाच तक्रार नसेल तर गावाला काय वाटायचं ते वाटू दे.

"लाव," मी बसवराजला म्हटलं. "मधोमध लाव. त्याला पाहिजे होता तसा."

"आणि गुंजीचा?"

"तो न्हाय. तो माझा."

तो तुझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. तुला जे सांगायचं होतं ते मला पोचलं. भिंतीची गरज नव्हती.

बसवराजनं मान हलवली. मग जरा घुटमळून म्हणाला, "आक्का, अण्णा सांगत होता, आईला वर घेता म्हणून. त्याचा एक फोटो पाहिजे होता बघा भिंतीवर. आत्ता आपण दोघं धरू, वहिनी काढतील."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. कॅमेरा माझ्याच हातात होता. मी तो कपाटावर ठेवून दिला.

"त्याचा नको," मी म्हटलं. "तू नुसतं धर."

त्यानं बाह्या वर केल्या आणि तुझ्या बाजूला गेला. टोकाला मनगटावर पीळ दिला, न सांगता. तू त्याला कधीतरी शिकवलं असणार. मी माझं टोक धरलं. आई वर छताकडं बघत होती.

आता रोज असंच होतं, अण्णा. पलीकडं कधी परशराम असतो, कधी बसवराज. आई हं म्हणते. मग पलीकडं बघते आणि थांबते. ती थांबते तेवढा वेळ मीही तिकडं बघते. मग घे मी म्हणते.